नवऱ्याचे डोळे एकाएकी पिवळे झालेत, आत्ता काय करू?

पोफळीची_सावली
मंगळवार, रात्री ११:५२

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातून लिहितेय. नवऱ्याला (वय ४१) गेल्या गुरुवारपासून बारीक ताप, अंगदुखी, अन्नावरची वासना गेलेली. पावसाचे दिवस, दिवसभर कुळागरात काम, म्हणून सर्दी-तापच समजलो. मेडिकलमधून तापाच्या गोळ्या आणून दिल्या. शनिवारी ताप उतरला, पण मळमळ वाढली. लघवी कोऱ्या चहासारखी होतेय असं काल सांगितलं त्याने. मी म्हटलं, पाणी कमी पितोस.

आज संध्याकाळी सोप्यावर बसला होता. सासूबाईंनी पेजेचा वाडगा हातात देताना तोंडाकडे पाहिलं आणि मला हाक मारली, "पळय गो, ताचे दोळे हळदुवे जाल्यात." मी टॉर्च मारून पाहिलं. पांढरा भाग खरंच पिवळा. तळहातही.

सासूबाई म्हणतात कामीण (कावीळ) आहे, शेजारच्या गावात एक जण माळ घालतो आणि पाला देतो, सकाळी तिकडे जाऊ. दीर म्हणतो गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) नेऊ. मला काही सुचत नाहीये. रात्र काढावी की आत्ताच न्यावं? दारू अजिबात नाही, आधी कसला आजार नाही. घरात सासू-सासरे, दीर-जाऊ, आमची दोन मुलं. कोणी जागं असेल तर सांगा.

अबोली७
मंगळवार, रात्री ११:५८

ताई, धीर धरा. माझ्या मुलाला झाली होती, महिन्याभरात बरा झाला. सकाळी पहिलं काम म्हणजे रक्त तपासणी.

दोडामार्गकर
बुधवार, रात्री १२:०४

माळ-बिळ नको. आमच्याकडचे लोक घाट-नदी ओलांडून बांबोळीला गोमेकॉत येतात, तुम्हाला तर ते दारात आहे.

निशिगंध
बुधवार, रात्री १२:११

मी मडगावला फिजिशियन आहे. इथे बसून निदान करता येणार नाही आणि करणारही नाही. पण रात्र काढायची की नाही हे ठरवायला आत्ता पाच मिनिटांत काही गोष्टी बघा.

त्यांना उठवा. नीट बोलतात का? आज वार कोणता, जेवण कधी झालं, हे विचारा. दोन्ही हात समोर ताठ धरून, वाहतूक पोलीस थांबवतो तसे पंजे वर करायला सांगा आणि अर्धा मिनिट बघा. पंजे पाखराच्या पंखांसारखे फडफडून खाली पडतात का? दोन-तीन दिवसांत दिवसा झोप आणि रात्री टक्क जागं असं उलटंपालटं झालंय का? हिरड्यांतून रक्त, काळी शी, सतत उलट्या, लघवी फार कमी होणं, थंडी वाजून ताप आणि उजव्या बरगडीखाली कळ, यातलं काहीही असेल तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

यातलं काही नसेल तर सकाळी आठच्या आत निघा. तापाच्या गोळ्या कोणत्या, किती घेतल्या ते कागदावर लिहून पाकिटासकट न्या. आता नवीन कुठलीच गोळी, काढा, पाला देऊ नका.

आणि एक प्रश्न, त्याचं उत्तर नक्की द्या. घरात कोणी गरोदर आहे का?

पोफळीची_सावली
बुधवार, रात्री १२:२९

उठवलं. वार बरोबर सांगितला, उलट मलाच म्हणाला, तू झोपली नाहीस का अजून. पंजे धरायला लावले. त्याचे हात स्थिर होते. माझ्याच हातातली टॉर्च हलत होती. रक्त कुठे नाही, उलट्या दिवसातून दोनदा. पोटऱ्या दुखतात म्हणाला. आणि आठवड्यापूर्वी पाटात उतरून गाळ काढला होता, पायाला चीर पडली होती.

हो, जाऊ सातव्या महिन्यात आहे. का विचारलंत?

निशिगंध
बुधवार, रात्री १२:३८

ठीक, सकाळी न्या. पोटऱ्यांचं दुखणं, पायाची चीर आणि पाटातलं काम हे केसपेपर लिहिताना आपणहून सांगा. पावसात आपल्याकडे लेप्टो असतो. उंदरांच्या मुतातून तो पाण्यात-चिखलात येतो आणि जखमेतून अंगात शिरतो. त्यातही कावीळ होते, पण तिथे मूत्रपिंडं धोक्यात येतात आणि त्यावर प्रतिजैविक लवकर सुरू करावं लागतं. मलेरियाही तपासतील.

जावेबद्दल विचारलं कारण कावीळ जर हेपॅटायटिस ई ची निघाली, तर तुमच्या घरात सर्वांत जास्त धोका तुमच्या नवऱ्याला नसून तिला आहे. हा विषाणू घाण मिसळलेल्या पाण्यातून येतो. पुरुषांना, मुलांना तो बहुतेक वेळा लोळवून सोडून देतो. शेवटच्या तिमाहीतल्या बाईला मात्र यकृत निकामी होईपर्यंत नेऊ शकतो, आणि अशा बायकांत मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातं. घाबरवायला सांगत नाही. आज रात्रीपासून घरातलं सगळं पिण्याचं पाणी खळखळून उकळा. तिचं आधी.

कुडतरीचो_पाव
बुधवार, सकाळी ७:१५

सगळं वाचलं. डॉक्टरांचा मान राखून सांगतो, आमच्या घरात तीन पिढ्या काविळीचं झाडपाल्याचं औषध देतात. एक पैसा घेत नाही. आजोबांनी शेकडो लोक बरे केले, मी डोळ्यांनी पाहिलेत. भुईआवळा ताकातून, तीन सकाळ, बिनतेला-हळदीचं जेवण. सासूबाई सांगतात ते अडाणीपणाचं आहे असं इथे कोणी समजू नये. त्यांनीच तर आधी ओळखलं.

अबोली७
बुधवार, सकाळी ७:४०

ओळखलं त्यांनीच, हे अगदी खरं. घरातल्या जुन्या बायकांची नजर वेगळीच असते.

आमच्याकडे चुन्याच्या पाण्यात हात धुवून "कावीळ उतरवतात". पाणी पिवळंधमक झालेलं मी स्वतः पाहिलंय. मग कळलं की हातावर आधी आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असतो. चुन्याच्या निवळीत कोणीही तसे हात धुतले तरी पाणी पिवळंच होणार.

तिसवाडी_तरंग
बुधवार, सकाळी ८:२०

माळेचंही तसंच. मुळीचे तुकडे दोऱ्यात सैल गाठींनी अडकवतात. तुकडे सुकत जातात, गाठी सरकतात, माळ लांब होत डोक्यावरून पोटापर्यंत येते. घरचे म्हणतात कावीळ उतरत चाललीय. ती माळ खुंटीला टांगली तरी वाढते.

रानजाई
बुधवार, सकाळी ९:०५

मी इथे सहसा लिहीत नाही. पण कुडतरीचो_पाव यांचं वाचून गप्प बसवेना.

माझ्या बाबांना सहा वर्षांपूर्वी कावीळ झाली. वय ६३. ताप नाही, दुखणं नाही. नुसते डोळे पिवळे आणि अंगाला इतकी खाज की रात्री नारळाच्या किशीने पाठ घासायचे. शी पांढरट, शाडूसारखी. आम्ही त्यांना पाल्याच्या औषधाला नेलं. देणारे फार चांगले गृहस्थ होते, पैसे घेतले नाहीत, उलट बाबांना चहा पाजला. तीन सकाळ झाल्या, मग सात, मग दुसऱ्या गावचे वैद्य. पथ्य इतकं कडक पाळलं की ते बारीक झाले ते पथ्यामुळेच, असं आम्ही समजत राहिलो. दोन महिने गेले. शेवटी सोनोग्राफी केली तेव्हा पित्ताची नळी फुगलेली दिसली, आणि सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ.

आधी आला असतात तर शस्त्रक्रियेचा विचार तरी करता आला असता, असं सर्जन म्हणाले. नळीत स्टेंट टाकून खाज थांबवली. ते सात महिने जगले.

त्या गृहस्थांवर माझा राग नाही. पण त्यांच्याकडे सोनोग्राफीचं यंत्र नव्हतं, आणि आमच्याकडे होतं, बसने पाऊण तासावर.

दोडामार्गकर
बुधवार, सकाळी ९:३०

रानजाई, काय बोलू. तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत.

कुडतरीचो_पाव
बुधवार, सकाळी १०:१२

ताई, वाईट वाटलं. माझा वाद तुमच्याशी नाही. आमच्याकडे येणारे बरे होतात ते कसे, एवढंच मला कळत नाही मग.

निशिगंध
बुधवार, दुपारी १:४५

ओपीडी संपवून लिहितोय. तुमचा प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

कावीळ हा रोग नव्हे, लक्षण आहे. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे पिवळं द्रव्य, साधारण १.२ च्या आत असतं. ते अडीच-तीनच्या पुढे गेलं की डोळ्यांत दिसतं. वाढण्याची कारणं मात्र वेगवेगळी. तांबड्या पेशी भराभर फुटत असतील, यकृताला सूज असेल, किंवा यकृत ठणठणीत असून पित्त वाहून नेणारी नळी खड्याने वा गाठीने बंद झालेली असेल. आपल्याकडे तरुणांत आणि मुलांत दिसणारी बहुतेक कावीळ हेपॅटायटिस ए किंवा ई ची. तिला मुळी औषधच लागत नाही, चार-सहा आठवड्यांत शरीर स्वतः ती निस्तरतं. म्हणजे तुमच्या आजोबांकडे आलेले शंभरातले बहुसंख्य बरे होणारच होते, पाला घेऊन किंवा न घेऊन. आजोबांचा हेतू शुद्ध होता यात मला शंका नाही. मला काळजी उरलेल्यांची वाटते: लेप्टोवाला, खडा अडकलेला, रानजाईंचे बाबा. बाहेरून सगळ्यांचे डोळे सारखेच पिवळे दिसतात.

आणि सुजलेल्या यकृताला प्रत्येक पाला मानवतोच असं नाही. गुळवेल घेणाऱ्यांत यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. तापाच्या गोळ्या, क्षयाची औषधं, यांचंही तेच. म्हणून काल मी पाकीट न्यायला सांगितलं.

हळद-तेल बंद करण्याला आधार नाही. मळमळ असताना तळलेलं जात नाही, एवढंच. दारू मात्र पूर्ण बंद, बरं वाटल्यावरही काही महिने.

तिसवाडी_तरंग
बुधवार, दुपारी २:३०

हेपॅटायटिस ई चा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेच्या पाणीपुरवठ्यात सांडपाणी शिरलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तेव्हा तो ए समजला गेला, ई निघाला तो फार नंतर. आणि हा विषाणू ओळखला कसा गेला? १९८३ साली बालायान नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने अफगाणिस्तानातल्या आजारी सैनिकांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्यायला, स्वतःला कावीळ करून घेतली आणि स्वतःच्या विष्ठेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू शोधला. अशा माणसांमुळे आज आपल्याला दोन दिवसांत रिपोर्ट मिळतो.

अबोली७
बुधवार, दुपारी २:४१

जेवताना वाचलं हो मी हे!

पोफळीची_सावली
बुधवार, रात्री ९:२०

सगळ्यांना एकत्रच लिहिते. सकाळी सहाला निघालो. बाणस्तारीच्या पुलावर त्याला उलटी झाली, गाडी थांबवली, आणि त्या उजेडात त्याचा चेहरा असा दिसला की मला रडू आलं. दिराने माझ्या खांद्यावर हात ठेवला, काही बोलला नाही.

केसपेपर, मग मेडिसिन विभाग. पहिला प्रश्न, दारू किती पितो. मी चिडून म्हटलं, थेंब नाही. डॉक्टरबाई तरुण होत्या, शांतपणे म्हणाल्या, सगळ्यांना विचारतो, उत्तरावर औषध बदलतं. मग पाटाचं, चिरेचं, पोटऱ्यांचं सांगितलं. त्यांनी डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, पोट दाबून पाहिलं, उजव्या बाजूला तो कळवळला. ठेवून घेतलंय.

बिलिरुबिन ९.६. एसजीपीटी १८४०. आयएनआर १.३. क्रिएटिनिन, प्लेटलेट ठीक. मलेरिया नाही. सोनोग्राफीत "पित्ताशयाची भिंत जाड" लिहिलंय, म्हणजे खडा का? लेप्टो आणि हेपॅटायटिसचे रिपोर्ट उद्या-परवा. लेप्टोचं प्रतिजैविक तोवर सुरू केलंय.

१८४० आकडा बघून माझे पाय गळालेत.

निशिगंध
बुधवार, रात्री ९:५५

यकृताला तीव्र सूज असली की पित्ताशयाची भिंतही सुजते. नळी फुगलेली नाही, खडा लिहिलेला नाही, म्हणजे अडथळा दिसत नाही. एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या सुजेचा आकडा, हजारात जाणं हे विषाणूच्या काविळीत नेहमीचं. तो आकडा वाढला म्हणून घाबरू नका आणि उतरला म्हणून निर्धास्तही होऊ नका. लक्ष आयएनआरवर ठेवा. यकृत रक्त गोठवणारे घटक बनवतंय की नाही ते त्यातून कळतं. १.३ हा थोडाच वाढलेला आहे. तो चढत गेला किंवा बोलणं विसंगत वाटलं तर नर्सला लगेच सांगा, मध्यरात्र असली तरी.

रानजाई
बुधवार, रात्री १०:३०

ताई, तुम्ही जेवलात का? गोमेकॉसमोर पोळी-भाजी मिळते. रुग्णासोबतच्याने उपाशी राहून चालत नाही.

पोफळीची_सावली
शुक्रवार, दुपारी ४:१०

रिपोर्ट आला. लेप्टो नाही. बी आणि सी नाही. हेपॅटायटिस ई, आयजीएम (ताज्या संसर्गाची तपासणी) पॉझिटिव्ह.

वाचल्यावर मी आधी घरी फोन केला. जाऊ कालपासून फक्त उकळलेलं पाणी पितेय. सासूबाईंनी पितळी हंडा चुलीवर चढवलाय तो उतरवतच नाहीत. पण त्याआधीचं काय? आम्ही सगळे एकाच बांयचं (विहिरीचं) पाणी पितो. जून अखेरीच्या पावसात बांय काठोकाठ भरली होती, गढूळ झाली होती, आणि नव्या संडासाचा शोषखड्डा बांयच्या वरच्या अंगाला आहे. हे मला आज, खाटेशी बसल्यावर सुचलं. खड्डा खणताना आम्ही सगळे तिथे उभे होतो.

निशिगंध
शुक्रवार, दुपारी ४:२५

जावेला आजच तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. लक्षणं नसली तरी न्या. घरात ई चा रुग्ण आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. यकृताच्या तपासण्या आणि आयजीएम करतील. पाणी पोटात गेल्यापासून दोन ते दहा आठवड्यांत आजार दिसू शकतो, म्हणून एक रिपोर्ट चांगला आला तरी तपासणी पुन्हा करावी लागेल. मळमळ, खाज, पिवळी लघवी, यातलं काहीही जाणवलं तर थेट बांबोळी. ई वरची लस चीनमध्ये आहे, आपल्या लसीकरणात नाही, तेव्हा आपल्या हातात आहे ते पाणी आणि नजर.

बांयबद्दल आरोग्य केंद्राला कळवा. आसपासच्या घरांनाही.

दोडामार्गकर
शुक्रवार, संध्याकाळी ६:००

तुमचे शेजारी तेच पाणी नेत असतील तर आजच सांगा. लोक काय म्हणतील याचा विचार करू नका. आमच्या वाडीत एका घराने लपवलं होतं आणि पुढे सात जणांना झाली.

पोफळीची_सावली
सोमवार, रात्री ८:४५

जावेचे रिपोर्ट नॉर्मल. दोन आठवड्यांनी परत करायचेत. तिला तिच्या आईकडे म्हापशाला पाठवलंय, तिथे नळाचं पाणी आहे, तेही उकळूनच.

आरोग्य केंद्रातून दोघे आले. बांयच्या पाण्याचा नमुना नेला, बांयची खोली-रुंदी मापून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती टाकायची ते लिहून दिलं, शेजारच्या चार घरांत विचारपूस केली. खड्डा बुजवायचा आहे. सासरे स्वतः हातात कुदळ घेऊन उभे आहेत, त्यांनाच तो खड्डा तिथे हवा होता. कोणी त्यांना काही बोललेलं नाही.

आयएनआर १.१. बिलिरुबिन ११ वर जाऊन आज ८.२. काल रात्री म्हणाला भूक लागली. आठ दिवसांत पहिल्यांदा. घरून आटवल आणि लोणच्याची फोड आणली होती, अर्धा डबा खाल्ला.

अबोली७
सोमवार, रात्री ९:०२

भूक लागली म्हणजे सुटलात! गणेशचवथीच्या नेवऱ्या त्याच्या वाटच्या डब्यात भरून ठेवा, त्या काही पळून जात नाहीत.

रानजाई
सोमवार, रात्री ९:४०

तो "अर्धा डबा" वाचून मी इकडे रडतेय.

पोफळीची_सावली
चवथीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी ३:३०

घरी येऊन दहा दिवस झाले. बिलिरुबिन २.४. माटोळी (गणपतीवरची फळांची चौकट) यंदा दिराने बांधली, हा खुर्चीवर बसून कुठलं फळ कुठे ते सांगत होता. आज सकाळी सोप्यावर उन्हात त्याला खालची पापणी ओढायला लावली. कडेला अजून पिवळट झाक आहे, मधलं पांढरं झालंय. जावेचा दुसरा रिपोर्टही नॉर्मल आला. पाण्याच्या नमुन्यात मैला मिसळल्याचं निघालं.

कुडतरीचो_पाव, सासूबाईंनी तुमचा निरोप विचारलाय. तुम्ही त्यांची बाजू घेतली होती ते त्यांना वाचून दाखवलं होतं मी.

कुडतरीचो_पाव
त्याच दिवशी, संध्याकाळी ७:१०

त्यांना नमस्कार सांगा. आमच्याकडे औषध बंद नाही झालं, वडील ऐकायचे नाहीत. पण या आठवड्यात आलेल्या दोघांना मी दारातच सांगितलं, आधी रक्त आणि सोनोग्राफीचा कागद आणा, मग बसू. एकाने आणला. दुसरा रागावून गेला.

निशिगंध
त्याच दिवशी, रात्री ८:००

तो दुसरा कुठल्या गावचा ते ठाऊक असेल तर एकदा फोन करून बघा. आणि गरोदर बाई आली तर कागदाची वाट बघू नका, गाडीत बसवून पाठवा.

कुडतरीचो_पाव
त्याच दिवशी, रात्री ८:१४

फोन नंबर आहे त्याचा. करतो.